पुरानंतरच्या चित्रात आशा आणायची कशी?

इतर वाचकांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या तुमच्या तळमजल्यावरच्या कामाच्या खोलीत पाणी शिरले आणि अनेक वर्षांची चित्रे गेली. त्यातून सावरत असतानाच कोरोनाच्या काळात वडील गेले आणि मधली काही वर्षे तुम्ही ब्रश हातात धरला नाही. आता ‘उमेद’ या विषयावरच्या एका समूह प्रदर्शनासाठी तुम्हाला चित्र द्यायचे आहे. उगवता सूर्य, चिखलातून वर आलेले रोप, ओंजळीतली पणती अशी काही चित्रे तुम्ही केली, पण ती तुम्हालाच कॅलेंडरवरच्या चित्रांसारखी वाटतात. आणि जे सोसले ते प्रामाणिकपणे रंगवायला बसलात की सगळा कॅनव्हास मातकट तपकिरी होऊन जातो. म्हणून तुम्ही विचारता की अंधार दाखवावा की उजेड, आणि आशेसाठी रंग कोणते घ्यावेत. पुराचे डाग पडलेले दोन जुने कॅनव्हास अजून जपून ठेवले आहेत, त्यांचे काय करावे हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे.

रंगांबद्दल पुढे लिहितोच, पण मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. तुमच्या वर्णनात चित्रांचे दोन गट आहेत. पहिल्या गटात पूर कुठेच नाही, आणि दुसऱ्यात पुराखेरीज काहीच नाही. पणतीचे चित्र ज्याने आयुष्यात कधी पुराचे पाणी घरात पाहिले नाही असा माणूसही तसेच काढील, आणि म्हणूनच ते तुम्हाला परके वाटते. आशा हा दुःख संपल्यावर हाती घ्यायचा वेगळा विषय आहे असे गृहीत धरले की माणूस चिन्हाकडे वळतो, कारण चिन्ह तयार मिळते. पाहणाराही ते चिन्ह क्षणात ओळखतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. थांबून पाहण्यासारखे त्याच्यासाठी काही उरत नाही. याला जोडून तांत्रिक बाजूही आहे. कॅलेंडरवरच्या सूर्योदयात प्रत्येक रंग आपल्या पूर्ण ताकदीने लावलेला असतो, त्यामुळे उजेड सगळीकडून येतो आणि कशावरच पडत नाही. तुम्ही पाठवलेल्या चित्रांच्या फोटोंत मला नेमके हेच दिसले.

पुढे जे सांगणार आहे त्यातले किती लागू पडेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. घटना घडून किती काळ गेला, हे पहिले. केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर मारला गेला. त्याच्या स्मारकाची कल्पना तिने त्याच वर्षी मनात घेतली. पण पहिला प्रयत्न सोडून देऊन, मध्ये इतर कामे करून, गुडघे टेकून बसलेल्या आई-वडिलांची ती दोन शिल्पे प्रत्यक्ष दफनभूमीत बसवली गेली ती १९३२ मध्ये. तुमच्या प्रदर्शनाची तारीख इतकी दयाळू नसेल हे मला ठाऊक आहे, पण तारीख जवळ आली म्हणून मन तयार झालेच पाहिजे असे नसते. गरज वाटली तर आयोजकांना पुराचेच चित्र द्या. ‘उमेद’ या शब्दाखाली ते चालणार नाही असे कोणी म्हणत असेल तर त्या प्रदर्शनात भाग न घेतलेला बरा. दुसरी गोष्ट, दुःख कोणाचे आहे. वडिलांचे जाणे हे तुमचे आहे, पूर हा सगळ्या गावाचा आहे. एका चित्रात दोन्ही बसवायला गेलात तर बहुधा दोन्ही पातळ होतील. तिसरी गोष्ट मी प्रत्येक वेळी सांगतो: झोप उडाली असेल, दिवसच्या दिवस काही करावेसे वाटत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटणे हे चित्रापेक्षा आधी यावे. चित्र काढल्याने बरे वाटू शकते, पण ते उपचाराच्या जागी ठेवू नये.

आता सूर्याबद्दल, कारण तुम्ही तो काढून टाकायच्या विचारात आहात. एडवर्ड मुंक या नॉर्वेजियन चित्रकाराला सगळे ओळखतात ते १८९३ च्या ‘किंचाळी’ या चित्रामुळे. १९०८ मध्ये दारू आणि मानसिक कोलमड यांमुळे तो कोपनहेगनमधल्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि तिथे त्याने कित्येक महिने काढले. १९०९ मध्ये तो नॉर्वेला परतला आणि क्रागरो या किनाऱ्यावरच्या गावात राहू लागला. ओस्लोच्या (तेव्हाचे क्रिस्तियानिया) विद्यापीठाच्या सभागृहासाठी त्याने जी भित्तिचित्रे केली त्यांच्या केंद्रस्थानी ‘सूर्य’ आहे, सुमारे साडेचार मीटर उंच आणि पावणेआठ मीटरहून थोडे अधिक रुंद. ही चित्रमालिका १९१६ मध्ये खुली झाली.

उगवता सूर्य हाच विषय घेऊनही हे चित्र कॅलेंडर का होत नाही, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना अनेकदा विचारत आलो आहे. माझे उत्तर असे आहे. ‘किंचाळी’मध्ये आकाशाचे आणि पाण्याचे पट्टे वाकत, वळत त्या एकट्या माणसाभोवती आवळत येतात, ‘सूर्य’मध्ये तोच चित्रकार तसेच उघडे, लांब, न लपवलेले फटकारे वापरतो, पण त्यांची दिशा उलटी आहे, ते मध्यापासून बाहेर पसरत जातात. त्याने आपली भाषा सोडली नाही. शिवाय सूर्याच्या खाली कोणी हसरा माणूस नाही, तिथे उघडे, थंड खडक आहेत आणि प्रकाशाला त्यांच्यावर येऊन आदळावे लागते. खडक झाकून पाहा, म्हणजे सूर्याचे वजन किती कमी होते ते कळेल. तुमच्या सूर्योदयात खालचा अर्धा भाग गुलाबी धुक्यात विरघळवला आहे, आणि नेमकी तीच जागा पुराची होती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सोमनाथ होर यांचे आहे, आणि रंगांविषयीच्या तुमच्या प्रश्नाला ते थेट उत्तर देते. चितगावच्या या कलावंताने १९४३ चा बंगालचा दुष्काळ तरुणपणी पाहिला, पिकाच्या वाट्यासाठी बंगालमध्ये झालेल्या तेभागा चळवळीतल्या शेतकऱ्यांची रेखाटने केली, आणि १९७० च्या दशकात ‘जखमा’ ही कागदाच्या लगद्यातली मुद्राचित्रांची मालिका केली. त्यांतल्या अनेक चित्रांत पांढऱ्यावर पांढरेच आहे: कागदाला पडलेली चीर, भोक, उंचवटा, कुठे थोडासा लाल. म्हणजे पांढरा रंग जखमेचाही असू शकतो. मग पिवळा आशेचा, काळा दुःखाचा, हिरवा नव्या सुरुवातीचा, असली कोष्टके कोणत्या आधारावर टिकतात? एखादा रंग शेजारच्या रंगाच्या संगतीत जे करतो तेवढेच त्याचे काम. मळकट राखाडीच्या शेजारी ठेवलेला साधा यलो ऑकर उन्हासारखा पेटतो, आणि तोच कॅडमियम यलोच्या शेजारी मातीसारखा बसतो.

व्हॅन गॉगच्या बहरलेल्या बदामाच्या फांद्यांविषयी मात्र थोडे सांभाळून बोलावे लागते, कारण ते चित्र आशेचे उदाहरण म्हणून इतके वापरले गेले आहे की ते आता भेटकार्डावर राहायला गेले आहे. ते फेब्रुवारी १८९० मधले, सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात राहत असतानाचे, भाऊ थिओला ३१ जानेवारीला झालेल्या मुलासाठी केलेले. भेटकार्डे एक गोष्ट सांगत नाहीत: ते पूर्ण झाल्यावर लवकरच त्याला आजाराचा पुन्हा झटका आला आणि त्या वर्षीचा बहर रंगवायचा राहून गेला. चित्रात पाहाल तर जमीन नाही, क्षितिज नाही, खोडही नाही; गाठाळ, वाकड्या, गडद कडांच्या फांद्या थेट निळ्यावर पसरल्या आहेत. फुलांचा नाजूकपणा पटतो तो त्या फांद्यांच्या खडबडीतपणामुळे. चित्र आशादायी आहे म्हणून चित्रकार बरा झाला असा अर्थ लावण्याची गरज नाही, आणि तुम्हीही स्वतः पूर्ण सावरल्याशिवाय असे चित्र काढता येणार नाही असे समजू नका.

या चित्रकाराच्या निमित्ताने एक व्यवहाराची सूचना. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने काढलेली गुलाबांची चित्रे आज जवळजवळ पांढरी दिसतात, कारण त्याने वापरलेला लाल लेक रंग (रंगद्रवापासून बनवलेला पारदर्शक रंग) उजेडाने उडून गेला. मुळात ती फुले गुलाबी होती. तुम्ही गुलाबी आणि किरमिजी रंग बरेच वापरता असे दिसते. ट्यूबवरची टिकाऊपणाची खूण पाहा, आणि जुन्या पद्धतीच्या ॲलिझरिन क्रिमसनऐवजी क्विनाक्रिडोन जातीचा रंग घ्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मी तुमच्या जागी असतो तर प्रदर्शनाचे चित्र बाजूला ठेवून आधी पुराचीच छोटी चित्रे केली असती, पोस्टकार्डाच्या आकाराची, कोणाला न दाखवण्यासाठी. त्यांतही ‘पूर’ नावाचे मोठे दृश्य घेतले नसते. भिंतीवर पाणी जिथवर चढले तिथली रेघ, फुगून न मिटणारे कपाट, गाळाने भरलेला ब्रशांचा डबा, पाणी ओसरल्यावर गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या आणि वह्या, अशा एकेका गोष्टीचे चित्र. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली. वह्या उन्हात एकेक पान सुटे करून वाळवणारा माणूस पुढच्या वर्षाचा विचार करत असतो, आणि त्यासाठी त्याच्या हातात पणती द्यावी लागत नाही. तुमच्या गावाने त्या दिवसांत जे प्रत्यक्ष केले त्यातच तुमचा विषय पडला असण्याची शक्यता मला सर्वांत अधिक वाटते.

ही छोटी चित्रे फक्त तीन छटांत करा: गडद, मधली, उजळ. रंग नकोत. कागद आधीच मधल्या राखाडीने रंगवून घ्या, म्हणजे पांढरा हा फुकट मिळालेला उजेड राहत नाही. जिथे उजेड हवा तिथे तो तुम्हाला स्वतः लावावा लागतो. मग प्रत्येक चित्रासाठी लिहून ठेवा की उजेड कुठून येतो, दिवसाची वेळ कोणती आहे, आणि तो कोणत्या वस्तूवर सर्वांत आधी पडतो. हे साधे वाटते, पण तुमच्या पणतीच्या चित्रात ज्योत समोर असूनही ओंजळीची बाहेरची बाजू आतल्या बाजूइतकीच उजळ आहे. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी खोटेपणा जाणवतो.

तपकिरी चिखलाबद्दल. तुमचे प्रामाणिक चित्र मातकट होते त्याचा दोष तुमच्या मनःस्थितीला देऊ नका. फोटो पाहता ती बरीचशी मिश्रणाची गोष्ट आहे. पॅलेटवरचे चार-पाच रंग एकमेकांत मिसळायचे, त्यात पांढरा घालायचा, आणि ओल्यावर ओले घासत राहायचे, असे केले की सगळे एकाच छटेच्या पातळीवर येऊन बसते. मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढा, म्हणजे ते सपाट राखाडी झालेले दिसेल. (काहीजण संध्याकाळच्या अंधुक उजेडात चित्र तपासतात. ती सवय मी मोडायला सांगतो, कारण त्या उजेडात लाल रंग आहे त्याहून गडद आणि निळा आहे त्याहून उजळ भासतो.) उपाय असा की करड्या रंगांसाठी दोनच रंग घ्या, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सायना हा तांबूस तपकिरी. निळा वाढवला की पावसाळी आभाळाचा थंड करडा, सायना वाढवला की गाळाचा उबदार करडा, आणि दोन्ही दाट घेतले की काळ्या ट्यूबपेक्षा जिवंत अंधार मिळतो. एकाच छटेत थंड आणि उबदार करडे शेजारी ठेवता आले की चिखलही श्वास घेऊ लागतो. या दोन रंगांवरच आधी पुष्कळ काम करा आणि पांढरा अगदी शेवटी, कमी घ्या.

त्यानंतर शुद्ध रंग एकाच जागी ठेवा. कोणता, हे बाहेरून सांगणे योग्य नव्हे, पण एक सुचवतो: सूर्याचा पिवळा घेण्याऐवजी तुमच्या गावाचा पिवळा घेऊन पाहा. सांगलीत पिवळा म्हटला की हळद आठवते, बाजारातली पोती आठवतात, हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवे आठवतात. तो पिवळा सूर्याहून जड आहे, किंचित तांबूस आहे, आणि त्याला कष्टाचा वास आहे. बाकी चित्र करड्यांत ठेवून एखाद्या कोपऱ्यात तो आला तर त्याला चिन्ह व्हावे लागणार नाही.

पुराचा गाळच रंग म्हणून वापरण्याची कल्पना तुम्ही उल्लेखली आहे. तांत्रिकदृष्ट्या ते जमते: गाळ अनेक पाण्यांत धुवायचा, वाळवायचा, मलमलच्या कापडातून गाळायचा आणि डिंकात किंवा ॲक्रिलिक माध्यमात घोटायचा. पुराच्या गाळात सांडपाणी मिसळलेले असते म्हणून हातमोजे घाला. पण मला ही कल्पना धोक्याची वाटते. चित्राखालच्या पाटीवर ‘पुराच्या गाळातून’ असे लिहिले की पाहणारा हळवा होतो आणि चित्राला करायचे काम पाटी करून टाकते. गाळ वापरायचाच असेल तर पाटीवर लिहू नका, आणि मग चित्र कसे उभे राहते ते पाहा.

तैलरंगाच्या मोठ्या कॅनव्हाससमोर हात थांबतो, असेही तुम्ही लिहिले आहे. मग माध्यम बदला, त्यात माघार नाही. १९४१ च्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार मातिस बराच काळ अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत होता. त्याने गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) रंगवून घेतलेल्या कागदांना कात्री लावली आणि त्यातून त्याचा अखेरचा सगळा काळ उभा राहिला. शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली; त्यांनीही कागद कापून चिकटवण्याची चित्रे केली आणि १९७२ मध्ये कलाभवनात फरशीच्या तुकड्यांचे भित्तिचित्र केले. तुमच्याकडे डोळे आणि हात दोन्ही शाबूत आहेत. रंगीत कागद, डिंक आणि कात्री घेऊन काही आठवडे काढले तर तैलरंगाकडे परत जाण्याचा रस्ता बहुधा आपोआप मोकळा होईल. कापलेल्या कागदाची कड स्पष्ट असते, तिथे घासत राहण्याची सोय नसते, आणि तुमच्या मातकटपणाला तोच उत्तम उतारा आहे.

इथवरचा क्रम पुन्हा सांगायचा तर: आधी पुरातल्या एकेका वस्तूची रंगहीन छोटी चित्रे, मग दोन रंगांतले करडे, मग उजेडाची एकच ठरवलेली जागा आणि तिथे एकच शुद्ध रंग. सूर्य या क्रमातून आला तर येऊ द्या. चित्राच्या नावात मात्र आशा, उमेद, पहाट हे शब्द टाळा. प्रदर्शनाच्या नावात तो शब्द आधीच आहे.

राहिले ते दोन डागाळलेले कॅनव्हास. गमावलेल्या चित्रांविषयी बोलताना तुमच्या शेजारच्या कोल्हापूरची एक गोष्ट आठवते: शाहू महाराजांच्या निधनानंतर आबालाल रहिमान यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवली असे सांगितले जाते. त्यांची जी निसर्गचित्रे उरली त्यांवर आजही विद्यार्थी शिकतात. तेव्हा उरलेल्या दोन चित्रांना कमी लेखू नका, पण त्यांच्यावर नव्याने रंगवूही नका. पाण्यात भिजलेल्या कॅनव्हासचे कापड आकसलेले असते, अस्तर सुटत असते, आणि वरून रंग दिला तर तोही काही वर्षांत पापुद्र्यांनी निघेल. दोन्ही कॅनव्हास रंगाची बाजू वर ठेवून, एकमेकांवर न रचता, हवेशीर सावलीत ठेवा. बुरशी पूर्ण कोरडी झाल्यावरच, घराबाहेर, तोंडाला एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने हलकेच झटका; ओले फडके लावू नका आणि कडक उन्हात ठेवू नका. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर हात न लावता चित्रसंवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. प्रदर्शनात ते लावायचे का, याबाबत माझे मत असे की नव्या चित्राशेजारी लावू नका, कारण डाग सगळे लक्ष खाऊन टाकतील आणि नवे चित्र त्यांचे स्पष्टीकरण होऊन बसेल. कधीतरी त्यांचे वेगळे प्रदर्शन करा, किंवा घरी ठेवा. सध्या त्यांचे नीट उजेडात फोटो काढा, मागच्या बाजूला पेन्सिलीने चित्राचे मूळ वर्ष आणि पुराचे वर्ष लिहा, आणि कामाची खोली शक्य असेल तर पहिल्या मजल्यावर हलवा.